नेम न धरता नेमबाजी

"मामा, आज पंचवीसपैकी सतरा पाडली!" भाचा इंग्लंडहून सांगत होता. फोन स्पीकरवर, आणि शेजारी आई गवार मोडत बसलेली.

"काय पाडली रे?"

"कबुतरं, आजी."

गवार थांबली. "मुक्या जिवांनी तुझं काय घोडं मारलंय?"

इथे सांगायला हवं की कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत कबूतर बसलं की हीच आई केरसुणी घेऊन धावते, आणि जाळी बसवून घेतली तीही तिच्याच हट्टापायी. भाच्याने घाईघाईने खुलासा केला की ही कबुतरं मातीची, खेळातली. आईचं समाधान झालं नाही. "मातीची असतील तर उडतात कशी? आणि उडत असतील तर नेम कसा धरतोस?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. दुसऱ्याचं उत्तर तर असं आहे की नेम धरायचाच नसतो. मराठीत आपण या सगळ्याला सरसकट 'नेमबाजी' म्हणतो खरं, पण उडत्या तबकड्या छर्ऱ्याच्या बंदुकीने, म्हणजे शॉटगनने, फोडायचा हा एक प्रकार त्या शब्दात बसत नाही.

आधी कबुतराकडे बघू. ते कबूतर नाही हे झालंच, पण आता ते मातीचंही राहिलेलं नाही. डांबराच्या जातकुळीतला पिच आणि चुनखडीची भुकटी एकत्र करून साच्यातून काढलेली ती एक तबकडी असते. व्यास ११० मिलिमीटर, उंची २५-२६ मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. अमृततुल्यातली बशी पालथी घाला आणि थोडी आक्रसून घ्या, की झाली. वरून घुमटासारखी, आतून पोकळ, रंगाने बहुतेक वेळा नारिंगी. यंत्राचा स्प्रिंगवरचा हात तिला भिरकावतो, आणि ती स्वतःभोवती गरगरत निघते. फिरती आहे तोवर भिंगरी जसा तोल सांभाळते तशीच ही हवेत आडवी राहते, आणि घुमटाच्या आकारामुळे थोडी तरंगतेही. आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

तबकडी करणाऱ्याची पंचाईत वेगळीच. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने भिरकावली तरी यंत्राच्या हातात ती फुटता कामा नये, आणि हवेत दोन-चार छर्रे लागले तर फुटलीच पाहिजे. सुरुवातीच्या तबकड्या खरोखरच भट्टीत भाजलेल्या मातीच्या होत्या, आणि त्या इतक्या पक्क्या भाजल्या जायच्या की छर्रा लागला की टणकन वाजायच्या आणि तशाच पुढे जायच्या. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने १८८० मध्ये या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. पाण्यावर भाकऱ्या काढणारी पोरं बघून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. आपल्याकडे मुठेच्या डोहात ज्यांनी खापरीने भाकऱ्या काढल्यात त्यांना कुणी पेटंट दिलं नाही, हा भाग वेगळा.

त्याआधीचा इतिहास मात्र आईला अजिबात आवडला नसता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडात हा खेळ जिवंत कबुतरांवर चालायचा. पेटीत कबूतर कोंडायचं, दोरी ओढून झाकण उघडायचं, ते उडालं की गोळी घालायची. ती पेटी म्हणजे 'ट्रॅप'. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीही जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली आणि बेल्जियमच्या लेऑन द लुंडेनने एकवीस पक्षी मारून ती जिंकली. ब्रिटनमध्ये १९२१ साली कायद्याने हा प्रकार बंद झाला. मधल्या काळात काचेचे गोळेही येऊन गेले. अॅडम बोगार्डस नावाच्या अमेरिकी नेमबाजाने ते उडवायचं यंत्र काढलं होतं. काही गोळ्यांत पिसं भरलेली असायची, म्हणजे फुटल्यावर पक्षी मेल्यासारखं वाटावं. एवढी हौस कशाची, देव जाणे.

पक्षी गेले, शब्द राहिले. आजही यंत्राला ट्रॅप म्हणतात, तबकडी सोडायला सांगताना 'पुल' म्हणून ओरडतात (दोरी ओढ!), आणि यंत्रातूनच फुटकी तबकडी आली तर इंग्लंडातला पंच 'नो बर्ड' म्हणतो. ऑलिंपिकमध्ये आता दोरी ओढणारं कुणी नसतं. नेमबाजासमोर मायक्रोफोन असतो आणि आवाज झाला की तबकडी सुटते. त्यामुळे काय ओरडायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. काही जण 'पुल' म्हणतात, काहींच्या तोंडून नुसता हुंकार निघतो.

आता बंदूक. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात एअर रायफलची स्पर्धा कधी बघितली असेल तर ते चित्र क्षणभर बाजूला ठेवा. तिथे माणूस पुतळा होण्याचा सराव करत असतो. जाड जॅकेट, रोखलेला श्वास, दहा मीटरवर एक ठिपका. ठिपका हलत नाही, आपणही हलायचं नाही. शॉटगनचं सगळं उलटं असतं. लक्ष्य पळतं, बंदूक पळते, नेमबाजाची कंबर फिरते, आणि हे सगळं चालू असतानाच चाप ओढायचा असतो. शिवाय नळीतून एक गोळी जात नाही, छर्ऱ्यांचा पुंजका जातो. ऑलिंपिकच्या काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे चालतात. एकेक छर्रा अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे एका बारात सुमारे तीनशे छर्रे.

गावाकडे 'बाराबोअरची बंदूक' हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, त्यातले बारा कोण हे फारसं माहीत नसतं. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी आकसते. या खेळात बहुतेक जण एकावर एक नळ्या असलेली दुनळी वापरतात. नळीच्या तोंडाशी किंचित अरुंद केलेला भाग असतो, त्याला चोक म्हणतात. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि सोडला की जवळच पसरते, तसाच हिशोब. दूरच्या तबकडीला घट्ट चोक, जवळच्या तबकडीला सैल. अगदी घट्ट चोकमधून निघालेले सुमारे सत्तर टक्के छर्रे ४० यार्डांवर पाऊण मीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात.

"पाऊण मीटर म्हणजे केवढी परात! मग चुकायचं काय त्यात?" असं मलाही वाटलं होतं.

चुकायचं ते वेळेत. एक साधा हिशोब मांडू. तबकडी तुमच्यापासून वीस मीटरवर डावीकडून उजवीकडे चालली आहे, वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. छर्रे नळीतून सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने निघतात, पण हवा त्यांना लगेच अडवू लागते. सरासरी ३४० धरा. वीस मीटर जायला लागला सेकंदाचा सतरावा भाग. तेवढ्यात तबकडी १.३ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तुम्ही अगदी बिनचूक तबकडीवर बार टाकला तर छर्ऱ्यांची ती परात तबकडीच्या मागून, मोकळ्या हवेतून निघून जाते. तबकडी लागायची असेल तर बार तिच्यापुढे, जिथे या घडीला काहीच नाही तिथे टाकावा लागतो.

ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणाऱ्यांना हे कुणी शिकवलेलं नसायचं. विटी-दांडूतही तेच. जमिनीवरची विटी टोल्याने उडते, आणि दुसरा टोला ती आता कुठे आहे ते बघून मारला तर दांडू हवेत फिरतो. ती कुठे येणार हे अंगाला कळावं लागतं. झाडावरच्या कैरीला दगड मारणं ही रायफल म्हणावी आणि उडालेल्या विटीला टोला ही शॉटगन.

'पुढे मारा' म्हणणं सोपं, किती पुढे हे कसं ठरवायचं? तीन रिती आहेत. एकीत बंदूक तबकडीच्या मागून आणून तिला गाठायचं, ओलांडायचं, आणि ओलांडतानाच चाप ओढायचा. दुसरीत सुरुवातीपासून ठरावीक अंतर पुढे राहून तबकडीच्या वेगाने चालायचं. तिसरीत आधी तबकडीसोबत जायचं आणि मग झटक्यात पुढे निघायचं. कुठलीही रीत घ्या, नवशिक्याची चूक एकच असते. चाप ओढताना तो बंदूक थांबवतो. थांबली की मागे पडलीच. म्हणून बार निघून गेल्यावरही नळी फिरतच राहायला हवी. फटका मारल्यावर बॅट पुढे जाऊ द्यायला लहानपणी का सांगायचे ते मला या वयात कळलं.

कारण मी ते करून बघितलं आहे. भाच्याकडे गेलो असताना तो मला अशा एका मैदानावर घेऊन गेला. तिकडे हा रविवारचा विरंगुळा आहे. पोलिसांनी मंजूर केलेल्या ठिकाणी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना नसलेला पाहुणाही बार टाकू शकतो. माझ्या पहिल्या आठही तबकड्या मजेत गवतावर जाऊन पडल्या. मी नळीच्या टोकावरचा मणी तबकडीला लावत होतो, अगदी जीव ओतून. प्रशिक्षक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही बंदुकीकडे बघताय. चेंडू झेलताना स्वतःच्या हाताकडे बघता का?"

नाही बघत. डोळा चेंडूवर असतो आणि हात आपोआप पोचतात. शॉटगन ही तेवढीच लांब केलेली बोटं आहेत. बघायचं तबकडीकडे, तिच्या पुढच्या कडेकडे, दोन्ही डोळे उघडे ठेवून. नळी नजरेच्या खालच्या अंगाला धूसर दिसत राहते, तिला तशीच असू द्यायची. त्यासाठी बंदुकीचा दस्ता दर वेळी गालाला आणि खांद्याला त्याच जागी टेकला पाहिजे, कारण रायफलवर नेम धरायला मागे खाच असते, इथे ती खाच म्हणजे तुमचा डोळाच. म्हणून चांगला दस्ता शिंप्याने शर्ट बेतावा तसा माणसाच्या मापाने बेततात.

नववी तबकडी फुटली. नारिंगी गोळा होता तिथे काळसर धूर राहिला. आवाज बाराचाच येतो, फुटण्याचा येत नाही. उरलेल्या सोळांपैकी किती फुटल्या ते विचारू नका.

स्पर्धेत दोन मुख्य प्रकार. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे १५ मीटरवर जमिनीत खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रं. पाच जागा आळीपाळीने घ्यायच्या. आपल्या जागेसमोरच्या तिनांपैकी कुठल्या यंत्रातून तबकडी येईल हे ठाऊक नसतं. ती डावीकडे किंवा उजवीकडे ४५ अंशांपर्यंत, उंच किंवा जमिनीलगत, पण कायम दूर दूर जाणारी असते आणि मोकळी सोडली तर ७६ मीटरवर पडते. आपल्याकडे 'काही नेम नाही' म्हणतात ना, ते हेच. तरीही अन्याय होऊ नये म्हणून पंचवीस तबकड्यांच्या फेरीत प्रत्येकाला दहा डाव्या, दहा उजव्या आणि पाच सरळ मिळतात, फक्त क्रम गुप्त. प्रत्येक तबकडीला दोन बार टाकता येतात. पहिला बार साधारण पाऊण सेकंदाच्या आत जातो. 'पाऊण सेकंद' हे शब्द वाचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

स्कीटमध्ये तबकडीची वाट आधीच माहीत असते. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना दोन घरं, एकातून उंचावरून आणि दुसऱ्यातून खालून तबकड्या येतात, कधी एकेक, कधी दोन्ही एकदम. नेमबाज आठ जागांवरून बार टाकतो. वाट माहीत असली तरी वेळ माहीत नसते. हाक दिल्यावर तबकडी लगेच सुटेल किंवा तीन सेकंदांपर्यंत कधीही सुटेल, आणि ती दिसेपर्यंत दस्ता कमरेशीच ठेवावा लागतो. बार एकच.

या स्कीटच्या अर्धवर्तुळाची कथा मला फार आवडते. १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्स डेव्हिस या शिकाऱ्याने सरावासाठी घड्याळाच्या तबकडीसारखं पूर्ण वर्तुळ आखलं होतं. शेजारच्या जागेत कुणीतरी कोंबड्या पाळल्या. त्या बाजूला बार टाकणं अशक्य झालं, म्हणून वर्तुळ अर्धं केलं आणि दुसरं यंत्र समोर नेऊन ठेवलं. शेजाऱ्याच्या कोंबड्यांमुळे ठरलेला नियम पुढे १९६८ मध्ये ऑलिंपिकला गेला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत स्कीटमध्ये स्त्री-पुरुष एकत्र खेळत. त्या वर्षी चीनच्या झांग शानने सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. पुढच्या ऑलिंपिकला महिलांसाठी स्कीटच नव्हतं. ते २००० मध्ये आलं.

तिसरा प्रकार स्पोर्टिंग, भाचा खेळतो तो. रानातून फिरत, गोल्फसारखं एका जागेवरून दुसरीकडे जात, दर ठिकाणी वेगळी तबकडी. एक तर सशासारखी जमिनीवरून उड्या मारत पळते. ऑलिंपिकमध्ये हा नाही.

गुण मोजायची रीत तिन्हीकडे कडक. तबकडीचा निदान एक तुकडा उडालेला डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर गुण नाही. रायफलमध्ये दहाऐवजी नऊ मिळतात, इथे एक किंवा शून्य.

भारताचं या खेळाशी नातं राजवाड्यांतून आलं. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य आणलं. एकदम दोन तबकड्या सुटणारा तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. २००६ मध्ये मानवजितसिंग संधू ट्रॅपचे जगज्जेते झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं कांस्य आपण पेढे वाटून साजरं केलं, ते योग्यच. त्यानंतर चारच दिवसांनी स्कीटच्या मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजितसिंग नरुका यांचं कांस्य ४३ विरुद्ध ४४ असं एका तबकडीने हुकलं. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा चालू होती.

रायफल आणि पिस्तूल महाराष्ट्रात रुजले आणि शॉटगन तितकी का रुजली नाही, याचं माझ्या मते पहिलं कारण जमीन. एअर रायफलला एक लांबट हॉल पुरतो, बंदिस्त पार्किंगमध्येही जमेल. छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात, म्हणजे समोर अडीचशे मीटर तरी मोकळं रान हवं. त्या त्रिज्येचं नुसतं पाव वर्तुळ काढलं तरी बारा एकर होतात. म्हणजे ४८० गुंठे. बालेवाडी-म्हाळुंग्यात आज गुंठ्याचा भाव काय चालू आहे, हे वाचकांनी स्वतःच आठवावं. त्यात छर्रे शिशाचे. वर्षानुवर्षं एकाच जमिनीत शिसं साठत राहतं, तेव्हा ते गोळा करणं आणि विहिरी-ओढ्यांपासून दूर ठेवणं हाही खर्च आहेच.

दुसरं कारण पैसा. रायफलची गोळी खर्च होते, इथे काडतूसही जातं आणि लक्ष्यही. ट्रॅपच्या एका फेरीला पंचवीस तबकड्या आणि पन्नासपर्यंत काडतुसं, आणि मोठ्या स्पर्धेच्या प्राथमिक टप्प्यात अशा पाच फेऱ्या. सरावाचा हिशोब तुम्हीच करा.

तिसरं, कायदा. दहा मीटरच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, शॉटगनला लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तो पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आणि त्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण हवीत. नेमबाजी शिकणाऱ्या लहान वयाच्या खेळाडूंना देखरेखीखाली सराव करायची वेगळी सोय आहे. नावाजलेल्या नेमबाजांना परदेशातून बंदूक आणि काडतुसं मागवायची सवलतही मिळते, पण नावाजेपर्यंत काय करायचं हे कोडं उरतंच. या कडकपणाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या मैदानावर मी गेलो तिथेही बंदूक जागेवर उभं राहीपर्यंत मधल्या बिजागरीवर उघडून, नळ्या रिकाम्या दिसतील अशीच धरायची असा दंडक होता, आणि बंद बंदूक घेऊन दोन पावलं चाललेल्या एका पाहुण्याला त्यांनी सरळ घरी पाठवलं.

देशातल्या नेमबाजीच्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष मात्र मराठीच होते. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. १९५१ साली ही संघटना सुरू झाली, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची एक पात्रता स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

घरबसल्या यातलं एकच करता येतं. लिहिता हात उजवा असतो तसा डोळ्यांतलाही एक वरचढ असतो, आणि तो उजवाच असेल असं नाही. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा डोळा वरचढ असेल तर बार सतत भलतीकडे जातो, आणि बिचाऱ्याला कारण कळत नाही. दोन्ही हात लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मधे छोटं भोक करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू पकडा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू भोकात दिसत राहते, तो वरचढ.

आमच्या गच्चीतून सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा दिसतो. आईला ते करायला लावलं. डावा डोळा मिटला तर मनोरा गायब. उजवा मिटला तर जागच्या जागी.

"डावा," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," ती हात खाली घेत म्हणाली. "सुई ओवताना मी उजवा डोळा मिटते. तुझे वडील म्हणायचे, हे काय उलटं."